विंडोज नवी, सवयी जुन्या

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ टाकायची की नाही हा विषय घरोघरी, दुकानोदुकानी निघाला. ज्यांनी टाकली त्यांतल्या बहुतेकांचं काहीच अडलं नाही. पण कोणाचा स्कॅनर ओळख दाखवेना, कोणाचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेना, कोणाच्या मराठी पत्रात पानंच्या पानं खाली सरकली. अशा वेळी खापर नव्या विंडोजवर फुटतं. प्रत्यक्षात दोष बरेचदा त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून असतो. आधीच्या विंडोजने तो चालवून घेतलेला असतो, एवढंच.

हे समजायला ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅम यांचं नातं पाहावं लागतं. प्रोग्रॅम हार्ड डिस्कला किंवा पडद्याला सहसा थेट हात लावत नाही. ही फाइल उघडून दे, एवढी मेमरी दे, इथे एक चौकट काढ, असं तो सिस्टिमला सांगतो. या मागण्या कशा करायच्या याचे छापील नियम असतात. त्यांना एपीआय म्हणतात, आणि ते मोडू नयेत याची विंडोज बनवणारे डोळ्यांत तेल घालून काळजी घेतात. अडचण येते ती नियमांत कुठेच न लिहिलेल्या गोष्टींची. एखादी यादी नेहमी अकारविल्हे मिळते, एखादं उत्तर नेहमी चटकन येतं. तसं वचन कोणी दिलेलं नसतं, पण प्रोग्रॅम लिहिणारा त्यावर विसंबून बसतो. गूगलमध्ये काम केलेले इंजिनिअर हायरम राइट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. एखादी प्रणाली वापरणारे पुरेसे झाले, की तिच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कोणी ना कोणी अवलंबून असतंच, असा त्याचा मथितार्थ.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सिमसिटी या शहर वसवण्याच्या गेमचं आहे. गेमची विंडोज ३वर चालणारी आवृत्ती जॉन रॉस यांनी लिहिली होती आणि तिच्यात एक चूक राहून गेली होती. मेमरीचा एक तुकडा सिस्टिमला परत केल्यावरही गेम तो वाचत राही. भाड्याची खोली सोडून किल्ली मालकाला द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिथल्याच कोनाड्यातून आपली वही काढायला जायचं, तसा हा प्रकार. जुन्या विंडोजमध्ये ती खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून वही जागच्या जागी सापडे. विंडोज ९५मध्ये मेमरीचा कारभार बदलला आणि चाचणीत गेम कोसळू लागला. चूक उघड उघड गेमची होती. तरी मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजमध्येच खास तरतूद केली: सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच वापरात घ्यायची नाही.

असं का केलं असेल? कारण दुकानातून खोकं घेऊन घरी जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कालपर्यंत गेम चालत होता आणि आज विंडोज ९५ टाकल्यावर बंद पडला. त्याला मेमरीचं काय देणंघेणं! तो नवी विंडोज परत करणार आणि शेजाऱ्यालाही घेऊ नको म्हणून सांगणार.

आवृत्तीच्या आकड्याची गंमत तर आणखी वरची आहे. विंडोज ३.१ आतून स्वतःचा क्रमांक ३.१० असा सांगत असे. 'निदान ३.१ तरी हवी' हे तपासताना अनेकांनी मुख्य आकडा ३ किंवा जास्त आहे ना आणि पुढचा आकडा १० किंवा जास्त आहे ना, असं वेगवेगळं पाहिलं. विंडोज ९५चा खरा क्रमांक होता ४.०. म्हणजे पुढचा आकडा शून्य, आणि प्रोग्रॅम म्हणणार, तुमची विंडोज फार जुनी आहे! शेवटी विंडोज ९५ जुन्या प्रोग्रॅमना स्वतःचा क्रमांक ३.९५ सांगू लागली. ही लपवाछपवी तिथे थांबली नाही. विंडोज ७चा आतला क्रमांक ७ नसून ६.१ आहे, कारण तिच्या आधीच्या व्हिस्टा या विंडोजचा ६ होता आणि मुख्य आकडा बदलला की प्रोग्रॅम रुसतात हा अनुभव गाठीशी होता. विंडोज ११सुद्धा आतून १०.०च आहे. बिल्ड क्रमांक, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यापुढचा बांधणीचा आकडा, २२००० किंवा त्यापुढचा दिसला, की ती ११ समजायची.

अशा तरतुदी आता एकेक करून हाताने घातल्या जात नाहीत. विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रॅमची एक यादीच असते. यादीतला प्रोग्रॅम सुरू झाला की त्याच्या आणि विंडोजच्या मध्ये 'शिम' नावाचा छोटा तुकडा बसतो आणि प्रोग्रॅमला हवं ते उत्तर देतो. एखाद्या प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर 'कंपॅटिबिलिटी' नावाचा टॅब दिसतो. विंडोज ७ किंवा एक्सपीसारखं वाग, असं तिथून सांगता येतं. सांगितल्यावर विंडोज जुनी होत नाही, ती फक्त असे शिम लावते. म्हणूनच हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही.

यातली एक तरतूद आपल्याकडच्या हिशेबनिसांना चांगलीच महागात पडू शकते. एक्सपीच्या काळात बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत, त्यामुळे कितीतरी प्रोग्रॅम आपली डेटा फाइल थेट 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये लिहीत. व्हिस्टाने सुरक्षेसाठी ती वाट बंद केली. पण तसं केल्यावर जुने प्रोग्रॅम बंदच पडले असते, म्हणून एक युक्ती योजली. प्रोग्रॅमला वाटतं आपण तिथेच लिहितोय, आणि विंडोज मात्र ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये ठेवते. आता दोन प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पीसी फॉरमॅट मारण्याआधी कोणी प्रोग्रॅमचं फोल्डर जपून पेनड्राइव्हवर घेतलं, पण खऱ्या नोंदी तिथे नव्हत्याच. किंवा काही अडलं म्हणून कोणी सल्ला दिला, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कर'. तसं केलं की विंडोजची ती युक्ती लागू होत नाही, प्रोग्रॅम मूळ फोल्डरमधली जुनी फाइल उघडतो आणि अलीकडच्या सगळ्या नोंदी उडाल्यासारख्या दिसतात. उडालेलं काही नसतं. पण हे ठाऊक नसलं तर माणूस घाबरून त्याच जुन्या फाइलमध्ये नव्या नोंदी भरू लागतो, आणि मग मात्र खरा घोळ होतो.

काही दरवाजे कायमचे बंद झाले आहेत. फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या साधनांत, विंडोजआधीच्या डॉस या सिस्टिमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर (म्हणजे मेमरीचे पत्ते ६४ बिटांचे धरणाऱ्या विंडोजवर) चालत नाहीत, कारण प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत गेला की डॉस चालवण्यासाठी लागणारी त्याची जुनी अवस्था उपलब्धच राहत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येते. डॉसबॉक्ससारखा प्रोग्रॅम अख्खा जुना पीसीच आभासी उभा करतो, त्यातून काम भागतं. आणखी एक चकवा म्हणजे, नव्वदच्या दशकातले काही प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असतात, पण त्यांचा सेटअप १६-बिट असतो. प्रोग्रॅम चालला असता, पण तो बसवणाराच चालत नाही.

ड्रायव्हरची, म्हणजे स्कॅनर, प्रिंटरसारखं उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट याहून वेगळी आहे. प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्या मध्ये दुभाषा बसवता येतो. ड्रायव्हर मात्र बरेचदा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच चालतो. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सुखाने चालतात, ३२-बिट ड्रायव्हर अजिबात नाही. गाभ्यात मेमरीचा प्रत्येक पत्ता आठ बाइटचा असताना चार बाइटचे पत्ते वापरणारा पाहुणा तिथे सोडला, तर विंडोज कोसळून निळा पडदा दिसणं ठरलेलं. जानेवारी २००७मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने ड्रायव्हरचे नियम, विशेषतः पडद्याच्या ड्रायव्हरचे, मुळापासून बदलले आणि पडद्यासाठीची ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांची तयारी अपुरी पडली. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यांतल्या आकड्यांनुसार २००७मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडिया या ग्राफिक्स कंपनीच्या ड्रायव्हरमुळे झाले होते. नाव मात्र व्हिस्टाचं बद्दू झालं, ते शेवटपर्यंत.

तुमचा स्कॅनर ठणठणीत असूनही अपग्रेडनंतर नुसता ठोकळा होतो, तो यामुळे. त्याचा ड्रायव्हर नव्याने लिहायचा तर कंपनीने, आणि कंपनीला तुम्ही नवा स्कॅनर घेतलेला जास्त आवडेल. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये इथे वेगळी रीत आहे. कर्नल बदलला तरी प्रोग्रॅम मोडता कामा नये, यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स अडून असतात. कर्नलच्या आतली रचना मात्र बिनदिक्कत बदलली जाते. पण तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या सोर्स कोडमध्येच ठेवलेले असल्यामुळे, जो आतली रचना बदलतो त्यालाच ते दुरुस्त करावे लागतात. स्कॅनरसाठी 'सेन' नावाची मुक्त प्रणाली आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी स्कॅनर तिच्यामुळे अजून चालतात. माझं मत विचाराल तर स्कॅनर भंगारात काढण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून एकदा बघावंच.

अ‍ॅपलचा खाक्या याच्या उलट. दुभाषा द्यायचा, काही वर्षं थांबायचं, मग तो काढून घ्यायचा. २००६मध्ये मॅकचे प्रोसेसर पॉवरपीसीकडून इंटेलकडे जाताना रोझेटा नावाचा दुभाषा दिला, २०११च्या लायन या मॅकच्या सिस्टिममध्ये काढून टाकला. ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या कॅटलिना या आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले. इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो असेल, हेही त्यांनी आधीच जाहीर केलं. यामुळे सिस्टिम सुटसुटीत राहते हे खरं, पण त्या सुटसुटीतपणाची किंमत ग्राहक मोजतो.

मराठीच्या वाट्याला आलेली अडचण तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधी आपल्याकडचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. फाइलमध्ये साठते ती इंग्रजी अक्षरंच, फाँट फक्त त्यांना मराठी वेश चढवतो. पीसी नवा झाला आणि तो फाँट टाकायचा राहिला, की लग्नपत्रिकेपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत सगळं अगम्य रोमन अक्षरांत दिसतं. डीटीपीवाले जुना पीसी जिवापाड का जपतात, याचं उत्तर यात आहे. पानं मांडण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ची, आणि वीस-पंचवीस वर्षांचं काम तिच्या फायलींत पडलेलं. त्यात जानेवारी २०२३पासून अडोबीने आपल्या प्रोग्रॅममधून टाइप १ या जुन्या प्रकारच्या फाँटांचा आधार काढून घेतला. अशा मजकुरावर कायमचा उपाय एकच, कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणायचा आणि मग बसून तपासायचा. जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतातच.

युनिकोडवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. विंडोज २०००पासून सोबत येणारा मंगल हा फाँट विंडोज १०पासून ऐच्छिक झाला. तो नसला की त्याच्या जागी बहुधा निर्मला येतो. अक्षरं नीट दिसतात, पण रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं असल्याने शंभर पानांच्या अहवालाची अनुक्रमणिका चुकते. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' टाकले की मंगल परत येतो. सोबत कोकिळा, अपराजिता आणि उत्साहही येतात.

आता विंडोज ११. इथे मात्र ११ स्वतःच जुन्या मशीनला दारात अडवते. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं सिक्युअर बूट आणि साधारण २०१७-१८नंतरचा प्रोसेसर, म्हणजे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, अशा अटी आहेत. कर्नलच्या मेमरीवर सतत पहारा ठेवायचा तर प्रोसेसरमध्ये त्याची सोय लागते, नाहीतर मशीन मंदावतं, हे कारण पटण्यासारखं आहे. पण ती सोय इंटेलच्या सातव्या पिढीतही होती आणि ती पिढी, मोजके अपवाद सोडता, यादीबाहेर राहिली. म्हणजे ही रेघ बऱ्याच अंशी धोरणाची आहे. म्हणूनच आडवाटेने जाऊन जुन्या मशीनवर ११ बसवणारे लोक सापडतात. २०२४च्या २४एच२ आवृत्तीने घातलेली अट मात्र वेगळ्या जातीची आहे. पॉपकाउंट ही सूचना ज्या प्रोसेसरला कळत नाही, उदाहरणार्थ कोअर २ ड्युओ, त्यावर ती सुरूच होत नाही. तिथे कोणतीही आडवाट नाही. याच आवृत्तीने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या आभासी दुनियेच्या हेडसेटचा, आधार काढला आणि धडधाकट हेडसेट एका अपडेटमध्ये निकामी झाले.

अपग्रेड करायचंच असेल तर आधी मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा. मग प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन यांचे विंडोज ११साठीचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहेत का ते पाहा, आणि बॅकअपमध्ये व्हर्च्युअलस्टोअर विसरू नका. अपडेट शेजारच्याला आलं आणि तुम्हाला नाही, तर घाई करू नका. एखाद्या ड्रायव्हरशी जमत नसल्याचं कळलं की मायक्रोसॉफ्ट तशा मशीनपुरतं अपडेट रोखून धरते. घाई नसलेल्यांनी विंडोज १०चा वाढीव सुरक्षा आधार घेतला तर घरगुती मशीनसाठी तो १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत पुरतो. जुन्या विंडोजवर अपग्रेड म्हणून ११ टाकली, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून मागे जाता येतं. जुनी विंडोज तोवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये ठेवलेली असते. म्हणून स्कॅनर, टोकन आणि वर्षातून एकदाच लागणारा तो प्रोग्रॅम या दहा दिवसांतच चालवून पाहा, आणि जागा अडते म्हणून ते फोल्डर पुसू नका. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली असेल तर परतीची ही सोय मिळत नाही.