स्त्रीनामे, मराठी

मराठी भाषक समाजात मुलींना ठेवली जाणारी, लग्नात बदलली जाणारी आणि बोलण्यात अनेक रूपांनी वावरणारी व्यक्तिनामे. संस्कृत आणि प्राकृत हा त्यांचा मोठा साठा. त्यात कन्नडच्या शेजारातून आलेले नातेवाचक शब्द मिसळले आणि धर्मपरंपरांबरोबर अरबी, हिब्रू व पोर्तुगीज नावे आली. नामकरणाविषयी ग्रंथांनी सांगितलेले नियम आणि शिलालेखांत, पोथ्यांत व घराघरांत आढळणारी प्रत्यक्ष नावे यांचा मेळ फारसा बसत नाही. अशा ठिकाणी येथे प्रत्यक्ष नावांचा पुरावा अधिक ग्राह्य धरला आहे.

शास्त्रातील नियम : पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे व कृदन्त (धातूपासून साधलेले) असावे, मुलीचे मात्र विषम अक्षरांचे, आकारान्त आणि तद्धित (नामाला लागणाऱ्या) प्रत्ययाने साधलेले असावे. मनुस्मृतीत (२.३३) स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, क्रूर नसलेले, अर्थ स्पष्ट असलेले, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सुचवणारे असावे, असे सांगितले आहे. वधू निवडताना कोणती नावे टाळावीत, तेही याच ग्रंथात (३.९) येते. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांच्यावरून नाव असलेली किंवा भीतिदायक नावाची मुलगी करू नये, असा तो निर्देश आहे.

व्यवहाराने हा निर्देश कधी मनावर घेतलेला दिसत नाही. स्नानाच्या वेळी म्हणावयाच्या प्रसिद्ध श्लोकातील गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सातही नद्या मराठी घरांत मुलींच्या रूपाने नांदल्या आहेत. शिवाय कृष्णा, भीमा, वेणा, इंद्रायणी आहेतच. रोहिणी, रेवती, चित्रा, अनुराधा ही नक्षत्रे, तुळसा व चाफा या वनस्पती, मैना आणि साळू हे पक्षी अशी यादी आणखी वाढवता येईल. दोन अक्षरी रमा आणि उमा, चार अक्षरी गोदावरी आणि अरुंधती ही नावे विषम अक्षरांच्या नियमात बसत नाहीत. नदी आणि तीर्थक्षेत्र यांचे पावित्र्य लोकांना शास्त्रातल्या निषेधाहून मोठे वाटले, असे म्हणणे योग्य ठरेल. काशी, मथुरा, द्वारका, अयोध्या ही मोक्षदायी पुरींची नावेही त्याच भावनेतून आली. ज्यांना काशीयात्रा घडणे अवघड, त्यांच्या घरात निदान काशीचे नाव दिवसातून दहा वेळा घेतले जाई.

शिलालेखांतील नावे : महाराष्ट्रातील स्त्रीनामांचा जुना पुरावा सातवाहनकालीन लेण्यांत मिळतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांचे अवशेष तेवढे उरले आहेत, पण वरची नावे वाचता येतात. त्यांपैकी एक लेख ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’ असा आहे. लेख साधारणपणे इ. स. पू. पहिल्या शतकातला मानतात. काही अभ्यासक तो त्याआधीचा धरतात. या राणीला मराठी वाचक ‘नागनिका’ म्हणून ओळखतात, पण दगडावरचे अक्षर ‘नायनिका’ असे आहे.

‘नागनिका’ हे रूप मूळ मानणारे दोन गोष्टींवर भर देतात. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’चा लोप होऊन तेथे ‘य’ येतो (नगर–नयर, सागर–सायर). शिवाय त्याच लेण्यातील यज्ञदानांच्या दीर्घ लेखात राणीला लावलेल्या विशेषणांत ‘नागवरदायिनी’ असा शब्द आहे. याविरुद्धचा आक्षेपही महत्त्वाचा आहे. ज्या लेखात ‘नाग’ शब्दातील ग टिकून आहे, त्याच लेण्यात तो नावातून गळावा कसा? इतक्या जुन्या लेखांत व्यंजनलोपाची उदाहरणेही तुरळकच. यावर असे उत्तर देता येते, की विशेषण लेखनिकाच्या परिपाठातून आले, तर नाव घरातल्या उच्चारातून. आणि रोज हाक मारण्याचे शब्द इतर शब्दांच्या आधी झिजतात. हे उत्तर संभाव्य वाटते, निर्णायक नव्हे. ‘नागनिका’ हे रूप मूळचे असल्यास, सर्पवाचक नाव निषिद्ध ठरवणाऱ्या स्मृतिवचनाशेजारी वैदिक यज्ञ करणाऱ्या राजघराण्यातली ही राणी उभी करावी लागते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नाशिकच्या लेण्यांत नावांची आणखी समृद्ध सामग्री आहे. लेणे क्र. ३ मधील लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला असून त्यात दान देणारी राजमाता ‘महादेवी गोतमी बलसिरी’ अशी येते. यातील बलश्री हे तिचे स्वतःचे नाव. ‘गौतमी’ हे गोत्रदर्शक पद आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही सातवाहन राजांची बिरुदे मातेच्या गोत्रावरून बनली आहेत, तिच्या व्यक्तिनामावरून नव्हे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला, तेव्हा सातवाहनांचा दाखला अनेकदा दिला गेला. आईची ओळख नावात यावी या दृष्टीने तो दाखला योग्य आहे, मात्र दोन्ही पद्धती एकच नव्हेत. आजच्या क्रमात आईचे स्वतःचे नाव येते, आणि ही अधिक मोलाची गोष्ट आहे.

त्याच लेण्यांत क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा (दखमित्रा) हिचा लेख आहे. नहपान हे नाव बहुतेक विद्वान इराणी मानतात, तर मुलीचे नाव पूर्णपणे भारतीय आहे. परक्या मुलखातून आलेले घराणे येथे किती लवकर मिसळले, हे राजाच्या पदव्यांपेक्षा मुलीच्या नावातून अधिक स्वच्छ कळते. चैत्यगृहातील लेखात भटपालिका नावाची दानकर्ती वडील, पती, मुलगा आणि महाहकुसिरी नावाची व्यक्ती यांच्याशी असलेले नाते सांगून स्वतःची ओळख देते. स्त्रीचे नाव नात्यांच्या साखळीत गुंफून सांगण्याची ही रीत पुढेही टिकली.

मध्ययुगीन मराठी : तेराव्या शतकाच्या अखेरचा मानला जाणारा लीळाचरित्र हा ग्रंथ स्त्रीनामांच्या अभ्यासाला अतिशय उपयुक्त आहे. त्याचा आजचा पाठ नंतर आठवणीने पुन्हा सिद्ध झाल्यामुळे रूपांबाबत सावधगिरी हवी. त्यात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा, हिराइसा अशी नावे येतात. मूळ नावाला ‘आई’ आणि त्यापुढे आदरार्थी ‘सा’ असा हा जोड मानतात. महदाइसा आणि महदंबा ही एकाच कवयित्रीची दोन नावे शेजारी ठेवली, की देशी ‘आई’ आणि संस्कृत ‘अंबा’ एकमेकींच्या जागी कशा येत, ते दिसते.

वारकरी संतांच्या अभंगांत आदराचा प्रत्यय गळतो. लोक जनाबाई म्हणतात. ती स्वतः ‘दासी जनी’ म्हणते. लोक बहिणाबाई म्हणतात. तिची नाममुद्रा ‘बहेणी म्हणे’ अशी आहे. ईकारान्त लघुरूप (जनी, गंगी, कृष्णी, दुर्गी) धाकट्या माणसाला किंवा सलगीने हाक मारताना वापरले जाते आणि तोंडी तुच्छतेनेही येते. ऊकारान्त रूपात (गंगू, यमू, गोदू, सखू) माया अधिक असते. विठ्ठलापुढे उभे राहताना या कवयित्रींनी पहिले रूप निवडले, ते लीनतेपोटी.

नातेवाचक घटक : बाई, आई, ताई, माई, अक्का, आऊ हे शब्द नावाला जोडून येतात आणि काही वेळा स्वतःच नाव बनतात. यांतील ‘अक्का’विषयी बराच ऊहापोह झाला आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेत संबोधनात ऱ्हस्व होणाऱ्या मातृवाचक शब्दांची उदाहरणे म्हणून ‘अम्बा’ व ‘अल्ला’ यांबरोबर ‘अक्का’ येतो, म्हणून हा शब्द संस्कृत मानण्याचा मोह होतो. परंतु कन्नड, तमिळ, तेलुगू या तिन्ही भाषांत अक्का म्हणजे थोरली बहीण. मराठीतही तोच अर्थ आहे, ‘माता’ हा नाही. त्यामुळे मराठी शब्द थेट द्राविडी शेजारातून आला आणि संस्कृतातला शब्दही तेथूनच घेतला असावा, हे मत अधिक पटते. अकराव्या शतकातील चालुक्य राजकन्या अक्कादेवी, बाराव्या शतकातील अक्कमहादेवी आणि समर्थ रामदासांची शिष्या अक्का एवढी उदाहरणे पाहिली, तरी या शब्दाचा कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांतील संचार ध्यानात येतो.

अरबी, हिब्रू व पोर्तुगीज नावे : कोकणातील मुसलमान, अलिबागच्या परिसरातील मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आणि गोव्यातील ख्रिस्ती या तीन समाजांत मरियम, मिरियम आणि मारिया ही एकाच नावाची तीन रूपे नांदतात. मूळ हिब्रू नावाचा अर्थ ‘कडवटपणा’, ‘बंडखोरी’ किंवा प्राचीन इजिप्ती भाषेतील ‘प्रिय’ या अर्थाच्या धातूवरून लावला जातो. बायबलमधील मिरियम ही मोझेसची बहीण, आणि त्या कुटुंबाचा इजिप्तशी सांगितलेला संबंध पाहता तिसऱ्या मताकडे अनेकांचा कल आहे.

फातिमा या नावाचा प्रवास याहून विलक्षण आहे. अरबीत त्याचा संबंध बाळाचे दूध तोडण्याच्या क्रियेशी आहे. मुसलमान घरांत ते पैगंबरांच्या कन्येवरून ठेवतात. पोर्तुगालमध्ये अरबी अमलाच्या खुणा म्हणून राहिलेल्या ग्रामनामांत फातिमा हे एक गाव होते. तेथे १९१७ मध्ये तीन मुलांना मेरीचे दर्शन झाल्याची श्रद्धा पसरली आणि ‘फातिमाची माता’ म्हणून गोव्यातील ख्रिस्ती मुलींनाही हे नाव मिळू लागले. मेरीच्या इतर बिरुदांवरून कन्सेसांव, पिएदाद, दोलोरिश, लूर्दिस ही नावेही तेथे रूढ झाली.

विवाहानंतरचे नाव : वर ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, ही रीत अनेक मराठी घरांत होती व काही ठिकाणी अजून आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. १८६५ मध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई मूळच्या गोदावरी. तिघींची माहेरची नावे नद्यांची असणे याचा स्मृतीतील निषेधाशी संबंध जोडण्याचा मोह आवरावा. नद्यांची नावेच तेव्हा विपुल होती, हे साधे कारण पुरेसे आहे. मात्र जन्मापासूनची हाक एका दिवसात पुसली जाणे ही लहान गोष्ट नव्हती. या प्रथेमुळे वंशावळींत स्त्रियांची माहेरची नावे मोठ्या प्रमाणावर हरवली, आणि अभ्यासकाला आज सर्वांत जास्त उणीव भासते ती त्यांचीच.

अशुभनिवारक आणि नकाराची नावे : मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये, सटवीचे लक्ष जाऊ नये म्हणून धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई अशी नावे ठेवत. नाव कुरूप, पण हेतू मूल वाचावे हा. यांच्याच पंक्तीला ‘नकुसा’ किंवा ‘नकुशी’ हे नाव बसवले जाते, ते चुकीचे आहे. एकामागून एक मुली झाल्यावर ‘आता नको’ असे सांगण्यासाठी ते मुलीच्या माथी मारले गेले. त्यात तिच्या रक्षणाचा विचार नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावे शासकीय कार्यक्रमात बदलण्यात आली.

जातिव्यवस्थेने लादलेल्या हीनतादर्शक नावांविरुद्धचा मोठा बदल त्याआधीचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांत यशोधरा, सुजाता, संघमित्रा, महामाया, प्रज्ञा, करुणा ही नावे आली. आजी धोंडी आणि नात संघमित्रा असा पालट घडला. मराठी नामेतिहासात इतका जाणीवपूर्वक केलेला बदल दुसरा नाही.

अलीकडची नावे : नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांतून विसाव्या शतकात पुष्कळ नावे घराघरांत गेली. लता मंगेशकर यांचे पाळण्यातले नाव हेमा. वडिलांच्या नाटकातील लतिका या पात्रावरून त्या लता झाल्या, असे सांगतात. ‘बाई’ हा प्रत्यय शहरी नावांतून गळत गेला.

आजच्या नावांपैकी अनन्या, अन्वी, ईश्वरी यांची संस्कृत घडण उलगडता येते. मायरा, कियारा यांचे तसे नाही. मायरा हे नाव सतराव्या शतकातील एका इंग्रज कवीच्या रचनांतून रूढ झाले. कियारा याचा संबंध इटालियन कियारा (तेजस्वी) किंवा आयरिश किआरा (सावळी) या नावांशी लावतात. त्यांना ‘संस्कृत नाव, अर्थ प्रिय’ अशी ओळख चिकटवणाऱ्या याद्या सर्वत्र फिरतात आणि पालक त्यावर विसंबतात. नाव आवडले म्हणून ठेवण्यात काहीच वावगे नाही. अर्थ सांगायचा तर तो मोनियर विल्यम्स किंवा आपटे यांच्या कोशात आधी पाहावा. तेथे शब्दच नसेल तर सांगितलेल्या संस्कृत अर्थाला आधार नाही असे समजावे.