तरू आणि शेवंतीसाठी दिवा: रंग कोणता, किती उंचीवर, किती वेळ

दुकानात बहुतेक जण जांभळा दिवा मागतात. मिरची, कोबी, टोमॅटोचे तरू (लावणीची कोवळी रोपे) करणाऱ्यांनी तो घेऊ नये, साधी पांढरी एलईडी पट्टी घ्यावी, असे आमचे मत आहे.

पान लाल आणि निळा उजेड सर्वांत जास्त शोषते, म्हणून त्या दोन रंगांचा जांभळा दिवा निघाला. पण हिरवा वाया जातो हे खरे नाही. त्यातला बराचसा पान वापरते आणि उरलेला झिरपून खालच्या पानांपर्यंत पोचतो. पांढऱ्या एलईडीत निळी चिप असते. तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे हिरवा आणि लाल तयार होतो. म्हणजे तरूला हवे ते सगळे रंग त्यात येतात. शिवाय जांभळ्या उजेडात पाने काळपट दिसतात. पिवळेपणा किंवा करप्याचा ठिपका वेळेत लक्षात येत नाही.

निळ्याने रोप बुटके राहते, खोड जाड होते. नुसत्या लालवर ते लांबते, पाने वळतात. म्हणून पट्टी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा) घ्या, तिच्यात निळा भरपूर असतो. २७०० ची पिवळसर पट्टी पडवीत लावा, तरूवर नको.

चार फूट बाय दोन फूट फळीवर ९८ कप्प्यांचे चार ट्रे बसतात. त्यावर २० वॅटच्या चार फुटी चार पट्ट्या लागतात; दोनवर भागवले तर उजेड निम्माच. पट्टी पानांच्या टोकापासून २० ते २५ सेंटिमीटर वर ठेवा आणि रोप वाढेल तशी साखळीने उचला. टायमर १६ तासांवर लावा, आठ तास अंधार हवाच. एका फळीला दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते.

जून ते ऑगस्टमध्ये, विशेषतः बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात, तरू लांबुडके होण्याची तक्रार हमखास येते. उजेड कमी हे एक कारण. दुसरे म्हणजे गर्दी. पान लाल शोषते, पण त्यापलीकडचा ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल उजेड सोडून देते. तो शेजारच्या रोपाला मिळाला की आपण सावलीत आहोत असे समजून ते उंच पळते. अशा वेळी दिवा वाढवण्याआधी ५० कप्प्यांचा ट्रे वापरून बघा. डोक्यावर सावलीची हिरवी नेट असेल तर तीही रंगांचे प्रमाण बिघडवते. पांढरी किंवा काळी नेट उजेड कमी करते, रंग बदलत नाही. पॉलीहाऊसचा कागदही धुवा. धूळ आणि शेवाळ बसलेल्या कागदाखाली दिवे विकत घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

शेवंतीचे गणित वेगळे. तिथे दिवा वाढीसाठी नसतो, रात्र मोडण्यासाठी असतो. शेवंती लांब रात्रीत कळी धरते आणि बेळगावात मोठ्यात मोठा दिवसही जेमतेम तेरा तासांचा. त्यामुळे रोप लहान असतानाच कळी येते आणि दांडा आखूड राहतो. रात्री १० ते २ दिवे लावले की रोप वाढतच राहते. या कामाला लाल, म्हणजे ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सर्वांत प्रभावी. अतिलाल त्याचा परिणाम पुसून टाकतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे लेट्यूसच्या बियांवर हीच उलटापालट दिसली होती: शेवटचा उजेड लाल असेल तर बी उगवते, अतिलाल असेल तर नाही.

उजेड फार लागत नाही, पानांवर शंभर लक्स (उजेड मोजण्याचे माप) पुरतात. पांढऱ्या बल्बमध्येही लाल असतो, म्हणून अडीच मीटरवर एक असे ९ वॅटचे साधे एलईडी बल्ब चालतात. गुंठ्याला १६ बल्ब, रात्रीला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. जुने तारेचे बल्ब नकोत. वीज खातात आणि त्यांच्यातल्या भरपूर अतिलालाने दांडा बारीक होतो. होल्डर पाण्यापासून सुरक्षित, आयपी ६५ चेच घ्या.

फूल ज्या आठवड्यात तोडायचे त्याच्या आठ ते दहा आठवडे आधी दिवे बंद करा. नेमका काळ जातीवर ठरतो. वीज जाऊन ओळीने काही रात्री दिवे चुकले तर कळी लवकर धरू शकते. म्हणून वेळ लक्षात ठेवणारा, आत बॅटरी असलेला टायमर घ्या; साधा टायमर वीज गेली तेवढा मागे पडतो आणि दिवे पहाटे लागतात. बंद केल्यानंतर मात्र रात्र पूर्ण अंधारी हवी. रस्त्याचा किंवा गोठ्याचा दिवा पडत असेल तर त्या बाजूच्या ओळींना फूल उशिरा येते, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

येताना फळीची किंवा वाफ्याची लांबी-रुंदी आणि छताची उंची मोजून आणा.