टाकलेले चिंचोके आणि बदामाची नव्वी-सत्ती

तान्हा पोळा आटोपला आणि पुण्याहून आलेली पोरं आमच्या ओसरीवर पत्ते घेऊन बसली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाला पोळ्याचे पत्ते नवे नाहीत, पण खेळ तीन पत्तीचा. ही पोरं पोकर खेळत होती, तोही टूर्नामेंटसारखा: सगळ्यांना सारखे चिंचोके, संपले की उठायचं. चिंचोके माझ्या आग्रहामुळे. पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालंच आहे, आणि ओसरीवरही मला ते नको होतं. गणित मात्र चिंचोक्यांवरही तेवढंच खरं असतं.

पुतण्याच्या हातात बदामाची नव्वी आणि बदामाचीच सत्ती. समोरच्याने डाव वाढवलेला. पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, धा चिंचोके त माये पहिलेच गेले ना, आता सोडू कसा?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधीच दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, आपल्या बूटसारखी, पण सगळ्यांनी नाही, पाळीपाळीने दोघांनीच. त्या दिवशी छोटा ब्लाइंड ५ चिंचोक्यांचा होता आणि मोठा १० चा, आणि या डावात मोठा पुतण्याचा होता. प्रत्येकाला दोन पानं हातात मिळतात, पाच पानं मधे सगळ्यांची म्हणून उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून उत्तम पाच पानांचा हात धरायचा.

आता हिशोब. समोरच्याने २० केले, छोट्या ब्लाइंडवाल्याने पानं टाकली. मधे झाले २० अधिक ५ अधिक पुतण्याचे १०, म्हणजे ३५. त्याला आणखी १० घालायचे होते. १० घालून ४५ चा ढीग मिळण्याची संधी, म्हणजे साडेचार वेळांतून एकदा जिंकला तरी भागतं, २२ टक्के. या हिशोबात त्याचे आधीचे १० ढिगाचा भाग म्हणून येतात, त्याचे म्हणून येत नाहीत. ते पानं वाटण्याआधीच त्याच्या हातून गेले. जागा बदलली की भावही बदलतो: छोट्या ब्लाइंडवर त्याला १५ घालावे लागले असते, ३० टक्के लागले असते, आणि मागे मोठ्या ब्लाइंडवाला अजून बोलायचा राहिला असता.

२२ टक्के फारच स्वस्त. इतके स्वस्त की शंका यावी. पोकरमधला सगळ्यात दुबळा हात म्हणजे वेगवेगळ्या रंगांची तिर्री-दुर्री. तीसुद्धा कुठल्याही दोन पानांविरुद्ध सातही पानं उघडेपर्यंत साधारण ३२ टक्के वेळा जिंकते. मग मोठ्या ब्लाइंडवरून काहीही खेळावं का?

नाही, कारण सातही पानं उघडेपर्यंत कोणी तुम्हाला थांबू देत नाही. हातात जोडी नसेल तर पहिल्या तीन पानांत आपल्या दोहोंपैकी एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता ३२ टक्के. तीनपैकी दोन वेळा हात कोराच राहतो. त्यात ब्लाइंडवाल्याला डीलरच्या जागेवरच्या खेळाडूआधी बोलावं लागतं, आणि तो तुमचं ऐकून मग ठरवतो. तुम्ही काही न लावता थांबलात की तो चिंचोके सरकवतो, तुम्ही पॅक करता, आणि चौथ्या-पाचव्या पानावर जे लागलं असतं ते उघडतच नाही. कागदावरच्या टक्क्यांपैकी हातात किती पडतात, हा निम्म्या-चांगल्या पानांचा खरा प्रश्न आहे.

इथे नव्वी-सत्ती राजा-सत्तीपेक्षा उजवी ठरते, आणि मला हे अजूनही सुंदर वाटतं. समजा समोर एक्का-राजा आहे. तुमच्याकडे राजा आणि दुसऱ्या रंगाची सत्ती असेल तर तुमचा राजा लागला की त्याचाही लागतो, आणि त्याचा एक्का तुमच्या सत्तीला दाबतो. साधारण चारात एकदा जिंकाल. एका रंगाच्या नव्वी-सत्तीला त्याच एक्का-राजाविरुद्ध ४० टक्क्यांच्या आसपास मिळतात, कारण तिची पानं कोणी अडवलेली नाहीत. शिवाय नऊपैकी एकदा पहिल्या तीन पानांत दोन बदाम येतात आणि पुढे रंग जमण्याची, म्हणजे पाचही पानं बदामाची होण्याची आशा उरते. त्यामुळे १० चिंचोक्यांच्या भावात पुतण्याने खेळायलाच हवं होतं. तो खेळला. त्याने दिलेलं कारण तेवढं चुकीचं होतं.

संध्याकाळी चौघे उरले आणि गणित पालटलं. बक्षीस दहा पुरणपोळ्यांचं: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला काही नाही. चौघांकडे सारखे चिंचोके, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची किंमत अडीच पोळ्या. कोणी सगळे चिंचोके पुढे लोटले आणि तुम्ही ते घेऊन जिंकलात, तर तुमचे चिंचोके दुप्पट होतात. पोळ्या दुप्पट होतात का?

याचं सूत्र शर्यतीतून आलं. डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये घोड्यांसाठी ते मांडलं, पण शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ते लगेच कळतं. पहिली येणारी जोडी बाजूला काढा, उरलेल्या जोड्यांत दुसरं येण्याची शक्यता त्यांच्या ताकदीच्या प्रमाणात वाटा. बैलांच्या ताकदीच्या जागी चिंचोके ठेवले की दुप्पट झालेल्याला पहिलं येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरं ३३, तिसरं १७. पोळ्यांत ते होतं ३.८३. हरलात तर अडीच जातात, जिंकलात तर फक्त १.३३ वाढतात. ब्लाइंडचे चिंचोके क्षणभर बाजूला ठेवले तर असा डाव घ्यायला ६५ टक्के खात्री लागते. समोरचा पानं न बघताच सगळं लोटतोय असं धरलं, तरी वेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला जेमतेम तेवढेच टक्के मिळतात. दुपारी जी नव्वी-सत्ती सोडणं चूक होतं, तीच संध्याकाळी क्षणाचाही विचार न करता टाकायची.

हे समजावत असताना शेजारचे आबाजी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. यंदा त्यांचं सोयाबीन पहिल्या पावसावर पेरलं गेलं आणि मग पावसाने उघडीप दिली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दरवर्षी सांगतात. पण शेजारच्या शेतात तिफण चालू असताना हात आवरणं किती कठीण, हे मी स्वतः अनुभवलंय. जुलैत दुबार पेरणीचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की एवढं बियाणं, एवढं खत टाकलं, आता मोडायचं कसं. पुतण्याचंच वाक्य. आणि आबाजींच्या डोक्यावर कर्ज. ज्याला एका हंगामात उठवलं जाऊ शकतं, त्याचा भाव चौघे उरलेल्या डावासारखाच असतो.

"तुम्ही काय केलं मंग, आबाजी?" पुतण्याने विचारलं.

"तासात उतरलो अन् मोजलं," आबाजी म्हणाले. "मीटरभर तासात वीस रोपं पायजे. बांधाकडं चौदा-पंधरा होती, तिथं नांगे भरले. उतारावर चारच होती. तेवढं मोडलं अन् तूर टाकली."

"अन् पहिलं बियाणं?"

"ते कायले मोजतं, बापू? ते त मातीत गेलं होतं."