‘डिव्ह.’, ‘युनि.’ आणि लिलीपाँड

व्हायोलिनच्या पानावर दोन स्वर एकावर एक लिहिलेले दिसले की वाजवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो: दोन्ही मीच वाजवायचे, की वरचा मी आणि खालचा शेजाऱ्याने? एकाच गजात दोन तारा वाजतात, म्हणून ही पंचाईत. बासरीवाल्याला ती कधीच नसते. तंतुवाद्यांच्या लेखनात ‘डिव्ह.’ (गट विभागा), ‘नॉन डिव्ह.’ (विभागू नका, दोन्ही स्वर प्रत्येकाने वाजवा) आणि ‘युनि.’ (पुन्हा एकत्र) हे शब्द आले ते यासाठी. संगणकावर स्वरलेखनाची पानं तयार करणारा ‘लिलीपाँड’ हा प्रोग्रॅम या शब्दांशी कसं जुळवून घेतो, ते इथे पाहायचं आहे.

मोत्झार्टच्या १७७९ च्या सिंफोनिया कॉन्चर्टान्तेत फक्त व्हायोला दुभंगतात, तेवढं एका पानात सहज मावतं. वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेराचा (वायमार, १८५०) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, मात्र नुसत्या व्हायोलिनांनी सुरू होतो, चार एकेकटी आणि बाकीची चार गटांत. देब्युसीने ‘ला मेर’मध्ये (१९०५) चेलोंचे चार भाग केले. लिगेटीने तर ‘अ‍ॅटमॉस्फेअर्स’मध्ये (१९६१) ५६ तंतुवादकांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ दिली. पान छापणाऱ्याचं काय होत असेल, याची चिंता संगीतकारांनी फारशी केलेली दिसत नाही.

ती चिंता लाइपझिगसारख्या शहरांतले खोदकारागीर करत. मऊ धातूच्या पत्र्यावर पाच रेघा ओढायच्या, स्वर ठशांनी ठोकायचे, आणि सगळं उलटं, आरशातल्यासारखं. कुठली ओळ कुठे मोडेल हे आधी मोजलेलं असे. त्यामुळे विभागणीला एक ओळ पुरेल की दोन लागतील, हे हातोडी उचलण्यापूर्वीच ठरायचं.

संगणकावर मजकुरातून स्वरलेखन १९६० च्या दशकापासून चालू आहे. ‘डार्म्स’ या पद्धतीत ते पंचकार्डांवर होई. १९८७ मध्ये ‘टेक’ या मजकूर-जुळणीच्या प्रोग्रॅमवर आधारलेलं ‘म्यूटेक’ आलं, पुढे ‘म्यूझिक्सटेक’. त्याच वाटेवरून हान-वेन निएनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डचांनी १९९६ मध्ये ‘लिलीपाँड’ सुरू केलं. आपल्याला यात नवल वाटू नये. भातखंडे लिपीतही स्वर अक्षरांतच असतात, सप्तक दाखवायला वर-खाली टिंब. लिलीपाँडमध्ये टिंबाच्या जागी अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम.

हाताने खोदलेल्या पानांशी तुलना करताना लिलीपाँडवाल्यांनी समोर ठेवलेला एक नमुना म्हणजे बाखच्या चेलो सुइट्सची बेरेनरायटर या प्रकाशकाची १९५० ची आवृत्ती. म्हणजे एकटा वादक. त्या पानावर दोन स्वर एकावर एक आले तरी ते एकाच माणसाचे, ‘डिव्ह.’चा तिथे संबंधच नाही.

दोन भाग एका ओळीत आणायला लिलीपाँडमध्ये ‘पार्टकम्बाइन’ ही आज्ञा आहे. तिची मूळची बोली फुंकवाद्यांची. दोघांचे स्वर जुळले की ती ‘ए२’ (दोघांनी मिळून) छापते, एक गप्प झाला की दुसऱ्यावर ‘सोलो’. पहिला ओबो, दुसरा ओबो, तिथे चोख. पण दुभागलेल्या व्हायोलिनांवर ‘सोलो’ छापलं की आठ-दहा जण गज खाली ठेवणार आणि पुढचा एकटाच वाजवत राहणार! इथे हवं असतं ‘अर्धे’. ही शीर्षकं बदलता येतात, ‘ए२’च्या जागी ‘युनि.’ लावता येतं, किंवा छपाईच बंद करून ‘डिव्ह.’ स्वतः लिहिता येतं. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणारे बहुतेक जण शेवटी हेच करत असावेत, आणि माझ्या मते तेच बरं.

दोन ओळी कराव्या लागल्या तर निराळीच कटकट. ओळी कुठे मोडायच्या हे प्रोग्रॅम शेवटी ठरवतो. रिकामी ओळ लपवायला सांगितलं, तर दोघांपैकी ज्याला विराम त्याचीच ओळ गायब होते आणि उरलेला वादक जोडीदार शोधत बसतो. त्यासाठी जो सुटा भाग जोडावा लागतो, तो गटातल्या एका जरी ओळीत स्वर असेल तर सगळ्याच ओळी छापतो. त्याचं नाव ‘कीप अलाइव्ह टुगेदर’.