उंदराला हवी असते एक कड

‘उंदराचे दात सारखे वाढत असतात. ते झिजवले नाहीत तर डोक्यात घुसतील, म्हणून बिचारा वायर कुरतडतो.’ महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, वायरिंग कुरतडले गेले की हे स्पष्टीकरण हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. दात वाढतात, आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. पण ते झिजवायला वायर लागत नाही. वरचे आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांवर घासूनच उंदीर त्यांची लांबी आटोक्यात ठेवतो. मऊ खाद्यावर वाढवलेल्या उंदरांचे दातही, वरखाली नीट जुळत असतील तर, प्रमाणातच राहतात. जबडा वाकडा असण्यासारख्या कारणाने ते जुळले नाहीत, तरच दात वेडेवाकडे वाढतात.

म्हणजे कुरतडणे ही उंदराची नाइलाजाची खोड नाही. त्यामागे काम असते: फट रुंद करणे, घरट्यासाठी चिंध्या आणि फोम गोळा करणे, वाटेतला अडथळा काढणे. हे एकदा मान्य केले की मोटरहोम उंदरांपासून कसे वाचवायचे याचा विचार वेगळ्या दिशेने सुरू होतो, आणि त्यासाठी आधी त्या दातांकडे नीट पाहावे लागते.

आपल्या दातावर एनॅमलचे कठीण आवरण सगळीकडून असते. उंदराच्या पटाशीच्या दातावर ते फक्त पुढच्या बाजूला असते, मागे तुलनेने मऊ डेंटिन. दोन्ही एकदमच घासले जातात, पण मागचा भाग लवकर झिजतो आणि पुढे एनॅमलची पातळ, तिरकी धार उरते. वापराने बोथट होण्याऐवजी दात धारदारच होत जातो. मुळाशी मूळपेशींचा एक साठा जन्मभर जागा असतो. तो नव्या पेशी तयार करत राहतो आणि दात मागून पुढे सरकत राहतो.

या एनॅमलचा रंग पिवळसर ते नारिंगी असतो. ती घाण नव्हे, ते लोह आहे. एनॅमल म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटच्या एका खनिजाच्या, अर्थात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या, केसाहून हजारपटीने बारीक तारांच्या जुड्या. 2015 मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डर्क जोस्टर यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की खरी गंमत या तारांमध्ये नसून त्यांच्या मधल्या जागेत आहे. तिथे स्फटिकरचना नसलेला कॅल्शियम फॉस्फेटचा अत्यंत पातळ थर असतो. साध्या एनॅमलमध्ये त्या थरात मॅग्नेशियम असते, तर कृंतकांच्या (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) रंगीत एनॅमलमध्ये लोह. त्यामुळे ते अधिक कठीण होते आणि आम्लालाही जास्त टिकते, अगदी फ्लोराइड लावलेल्या साध्या एनॅमलपेक्षाही. अणू एकेक करून मोजणारे तंत्र वापरल्याशिवाय हे दिसलेच नसते. (मोटरहोमवाल्याला याचा थेट उपयोग शून्य आहे, पण हे न सांगता पुढे जाववत नाही.)

कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर एनॅमल 5 च्या आसपास आहे. तांबे 3, लोखंड 4. मग मोटरहोमच्या भोकात तांब्याची विणलेली जाळी कोंबा, असा सल्ला जाणकार का देतात? दात तर तांब्याहून कठीण!

उत्तर जबड्यात आहे. कुरतडताना उंदीर खालचा जबडा पुढे सरकवतो, म्हणजे दाढा एकमेकींपासून सुटतात आणि पटाशीचे दात समोरासमोर येतात. वरचे दात वस्तूच्या कडेवर रोवले जातात आणि खालचे दात खरवडत वर येतात. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे ओठ आत वळून पडद्यासारखे मिटतात, त्यामुळे भुसा घशात जात नाही. पण या सगळ्या यंत्रणेला सुरुवात करायला एक स्थिर कड लागते. सपाट, गुळगुळीत पत्र्यावर दात रोवायला जागाच नसते. आणि विणलेल्या जाळीत कडा असंख्य, पण स्थिर एकही नाही. चावले की तार वाकते, दुमडते, दातांत अडकते. याउलट फवारून फुगणारा फोम नुसताच भरला तर तो दाताला हवी तशी कड आयती पुरवतो, शिवाय घरट्याला साहित्यही. फोम वापरायचाच तर आत जाळी हवी. स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा लोकरीसारखा पुंजका, तोही चालतो, पण गाडीखाली पाणी उडते, ते गंजून झडते. तांबे किंवा स्टेनलेस बरे.

कोणती फट बुजवायची? उंदरासाठी 6 मिलिमीटर आणि मोठ्या घुशी-उंदरांसाठी 12 मिलिमीटर ही सावधगिरीची मर्यादा धरतात. उंदराची हाडे घडी होतात म्हणे. तसे काही नाही. बरगड्या लवचिक असतात, पण कवटी दबत नाही. जिथून डोके जाते तिथून बाकीचा उंदीर जातो, आणि पिल्लाचे डोके फारच लहान असते.

मोटरहोमला अशा फटी भरपूर. जमिनीतून जाणारे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, बाहेरून वीज घेण्याच्या केबलचे झाकण, चाकांवरचे पोकळ भाग, गाडीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कडेचे रबर. आतून सगळे दिवे लावून अंधारात गाडीखाली पडून पाहा. जिथून उजेड दिसतो ते आधी बुजवा. एक अपवाद मात्र जिवावरचा आहे. गॅसच्या टाकीच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवलेले असते. त्या गॅसचा, म्हणजे प्रोपेनचा, रेणुभार 44, हवेचा सरासरी 29. तो हवेहून जड, म्हणून गळलेला गॅस तळाशी साचतो आणि त्या भोकातून बाहेर जातो. ते भोक कधीही बुजवू नये, त्यावर धातूची जाळी बसवावी. गॅसवर चालणाऱ्या फ्रिज आणि हीटरच्या झरोक्यांना उत्पादकाने त्यासाठीच दिलेली जाळी लावावी. मनाने लावलेल्या फार बारीक जाळीने हवा अडली तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून उंदीर पळवते म्हणतात ती, भिंतीत खोचायची अल्ट्रासॉनिक डबी? उंदराला 80 किलोहर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, त्यामुळे कल्पना वेडगळ नाही. पण 40 किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेआठ मिलिमीटर. तो गादीत शोषला जातो, कपाटाआड पोचत नाही, भिंतीच्या पोकळीत तर नाहीच. शिवाय उंदराला त्या आवाजाची सवय होते. 2001 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) अशी उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, असा इशारा दिला होता. डब्या अजून खपतात! पुदिन्याचे तेल चार दिवसांत उडून जाते. डांबरगोळ्यांची वाफ बंद गाडीत उंदराआधी माणसालाच बाधते.

हा खटाटोप नुसत्या वायरिंगसाठी नाही. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हंताव्हायरसची, म्हणजे उंदरांच्या लेंड्या-मूत्रातून पसरणाऱ्या विषाणूची, 10 जणांना लागण झाली, त्यांतले 3 दगावले. बहुतेक जण दुहेरी भिंतींच्या तंबूघरांत राहिले होते, आणि त्या दोन भिंतींमधल्या उष्णतारोधक थरात हरणउंदरांनी (तिकडच्या ‘डिअर माउस’ जातीच्या उंदरांनी) घरटी केली होती. मोटरहोमची भिंतही तशीच असते: दोन पातळ पत्रे आणि मध्ये फोम. म्हणून लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, विषाणू धुळीबरोबर हवेत उडतो. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण ओतून पाच मिनिटे भिजू द्या, मग कागदाने पुसून घ्या.

आत आलेल्यांसाठी विष नको. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि हात न पोचणाऱ्या भिंतीत मेला तर वास आठवडेच्या आठवडे जात नाही. साधा चापाचा सापळा पुरतो. उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने चालतो, म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे ठेवावे. खाण्याच्या आमिषाला कंटाळला असेल तर तिथे दोऱ्याचा किंवा कापसाचा पुंजका बांधून बघा. घरटे करणारी मादी तो ओढायला येते.