पॅलिड हॅरियर की मॉन्टेग्यू हॅरियर? चालत्या प्रवासात कसं ओळखायचं

हिवाळ्यात गाडी घेऊन निघालं आणि रस्ता माळरानातनं जात असला की कुठेतरी हॅरियर हा शिकारी पक्षी दिसतोच, आपल्या मराठीत भोवत्या, गवताच्या जेमतेम वरनं तरंगत चाललेला, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, आणि मधेच गर्रकन वळून खाली उतरतो. मग गाडीत एकच प्रश्न, त्याच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जातींपैकी हा कोणता, पॅलिड का मॉन्टेग्यू? दोघंही थंडीचेच पाहुणे, टोळ, उंदीर, छोटे पक्षी हेच दोघांचं खाणं, आणि रात्री मुक्कामही गवतात जमिनीवर एकत्रच, गुजरातमधलं वेळावदर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पॅलिडसाठी लोक एवढी धडपड करतात त्याला कारण आहे. त्याची वीण रशिया-कझाकस्तानकडच्या स्टेप गवताळ प्रदेशात होते, तिथली गवताळ जमीन नांगराखाली गेली आणि आज आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत तो संकटाच्या उंबरठ्यावर आहे. मॉन्टेग्यू युरोपपासून मध्य आशियापर्यंत वीण करतो, पार गव्हाच्या उभ्या पिकातसुद्धा घरटं करतो, आणि त्याच यादीत त्याला सध्या धोका नाही.

नर असेल तर काम सोपं. पॅलिडचा नर इतका फिका की उन्हात पांढराच वाटतो, पोट स्वच्छ, आणि पंखाच्या टोकाला फक्त एक काळी निमुळती पाचर. मॉन्टेग्यूचा नर जास्त राखाडी, टोकाचा काळा भाग मोठा, पोटावर तांबूस रेघा, आणि मुख्य म्हणजे पंखावर मधोमध एक काळी आडवी पट्टी असते. सगळ्यात आधी ती पट्टी बघायची, बाकी सगळं नंतर.

खरी डोकेदुखी तपकिरी पक्ष्यांची, म्हणजे माद्या आणि पिल्लं. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा दोघांनाही असतो, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं, पांढरा पट्टा दिसला की वहीत पॅलिड लिहून मोकळा, आणि घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर पंखाखाली ठळक, सारख्या अंतराच्या पट्ट्या, सरळ सरळ मॉन्टेग्यूची मादी. पॅलिडच्या मादीचा पंख खालून बघितला तर अंगाकडचा मागचा भाग गडद, काळपट दिसतो, तिथल्या पट्ट्या उठून दिसत नाहीत.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे मान. पॅलिडला गालामागे फिकट कॉलर असते आणि तिच्या मागे मानेच्या बाजूला गडद रंग, त्यामुळे कॉलर लांबूनही उठते, पिल्लांमध्ये तर फारच. मॉन्टेग्यूला अशी कॉलर जवळपास नसतेच, उलट डोळ्याभोवती पांढरा रंग जास्त, म्हणून चेहरा मोकळा वाटतो. पंखांच्या लांबीरुंदीवरनं ओळखणारे लोक आहेत, पण त्यासाठी शेकडो पक्षी बघून झालेले लागतात, वाऱ्यात तर माझा अजून गोंधळ होतो.

गाडीचा फायदा घ्या. भोवत्याला गाडीचं एवढं भय नसतं, दार उघडून माणूस उतरला की मात्र तो लांब जातो. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद, काच खाली, आणि पक्षी आपल्याकडे यायची वाट बघा. गवतात गाडी घालू नका प्लीज, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या जागेजवळ तर अजिबात नको, एकदा उठवले की अंधार पडताना बिचारे परत जागा शोधत फिरतात. फोटो काढताना मान आणि पंखाची खालची बाजू, एवढं मिळालं तरी पुरे. दोन्ही नाही दिसलं तर वहीत नुसतं हॅरियर लिहा, चुकीची नोंद दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत जास्त नुकसान करते.

मागच्या थंडीत असंच थांबलो होतो, सकाळचं ऊन नुकतं गवतावर आलेलं, आणि एक नर समोरनं थेट बॉनेटवरनं गेला. पट्टी शोधली, नव्हती. टोकाला फक्त ती बारीक पाचर, बाकी सगळा पांढराशुभ्र.