बायकोचा पगार कुणाचा? नोकरी सोडण्याच्या हिशेबामागचा इतिहास

मूल झालं की घरोघरी एक वजाबाकी मांडली जाते. तिच्या पगारातून पाळणाघर किंवा मूल सांभाळणाऱ्या मावशी, रिक्षा-लोकल, बाहेरचं खाणं, हे सगळं वजा. उरतात पाच-सात हजार. ‘एवढ्यासाठी कशाला जिवाची ओढाताण?’ असा निकाल लागतो. या हिशेबात एक खोट आहे. मूल दोघांचं असताना पाळणाघराचे पैसे तिच्या एकटीच्या पगारातून का वजा होतात? कारण बायकोची कमाई म्हणजे जोडकमाई, आणि तीही लग्न किंवा बाळंतपणापर्यंतच, हे गृहीतक कायद्यात आणि नोकरीच्या नियमांत फार काळ लिहिलेलं होतं.

मुळात विवाहितेनं कमावलेला पैसा कुणाचा? स्मृतिकार कात्यायनाचं वचन आहे: ‘प्राप्तं शिल्पैस्तु यद्वित्तं प्रीत्या चैव यदन्यतः। भर्तुः स्वाम्यं तदा तत्र’. हातच्या कसबानं मिळवलेल्या धनावर स्वामित्व नवऱ्याचं. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्यात पत्नीचा पगार तिचा स्वतःचा ठरला, पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन बायका त्यातून वगळलेल्या होत्या. म्हणजे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथून नर्स किंवा शिक्षिका होऊन विवाहिता कमावू लागल्या, तरी धर्मशास्त्राच्या जुन्या सूत्रानं पगार पूर्णपणे त्यांचा नव्हता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं कलम १४मध्ये ‘स्वतःच्या कौशल्यानं वा श्रमानं’ मिळवलेली मालमत्ता निखालस तिची ठरवली.

गिरणगावात प्रश्न वेगळा होता. तिथं बाई घरी बसण्याची चैनच नव्हती. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एक पंचमांश कामगार बायका होत्या, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, नायकिणींच्या, म्हणजे बाई मुकादमांच्या, हाताखाली. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिरजेचा कायदा झाला. या विषयातला देशातला तो पहिला. १९२८ साली विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही शिळा झालेला नाही: आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, पण तिच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा त्यानंही वाटा द्यावा. प्रत्यक्षात भार मालकावर पडला. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. यंत्रसुधारणा आणि बायकांना रात्रपाळीची बंदी यांना जोड या खर्चाची.

तीच गोम पुढेही राहिली. १९६१च्या कायद्यानं १२ आठवडे पगारी रजा दिली, २०१७ साली ती २६ आठवडे झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६, त्यानंतर १२. अटी सोप्या: आस्थापनेत किमान १० माणसं, आणि प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक. मात्र पगार २१,००० रुपयांच्या आत असून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असेल तरच पैसे तिचं महामंडळ देतं, एरवी मालक. म्हणून लहान कंपनीत मुलाखतीला ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न आडून आडून येतो. आणि म्हणूनच ‘कशाला त्यांना त्रास’ म्हणून सातव्या महिन्यात राजीनामा देणं हा पायावर मारून घेतलेला धोंडा आहे. निर्णय रजा संपताना घ्यावा. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे.

लग्न झालं की नोकरी संपली, असे नियम तर उघडपणे छापलेले असत. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात तसा नियम होता. विवाहिता गैरहजर राहतात, असं कंपनीचं म्हणणं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते अमान्य केलं: प्रसूतिरजेपुरत्या थोड्या जादा बायका राखीव ठेवा, म्हणजे झालं! परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मांच्या खटल्यात, १९७९ साली, महिला अधिकाऱ्यानं लग्नासाठी सरकारची परवानगी घेण्याच्या नियमावर कोरडे ओढले गेले. १९८१ साली एअर इंडियाचा पहिल्या गरोदरपणातच हवाईसुंदरीची नोकरी संपवणारा नियम रद्द झाला, पण पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयानं कायम ठेवली.

सगळ्यात गोड दिसणारा आणि महागात पडणारा नियम मात्र भविष्यनिर्वाह निधीतला. १९५२च्या योजनेत नोकरी सोडल्यावर पैसे काढायला दोन महिने थांबावं लागे, पण लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला ही अट नव्हती. सवलतच ती, पण रक्कम लग्नात खर्ची पडायची. १९९५पासून पेन्शन योजना आल्यावर नुकसान आणखी वाढलं. पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते, आणि सूत्र आहे पगार गुणिले सेवा भागिले ७०. २०१४पासूनची १५,००० रुपयांची पगारमर्यादा धरा. सात वर्षं नोकरी, मग खंड, मग पुन्हा सात वर्षं. दोन्ही जोडली तर १४ वर्षं: ५८व्या वर्षापासून महिना ३,००० रुपये. पण पहिल्या राजीनाम्यानंतर पेन्शनचा हिस्सा काढून घेतला, तर आधीची सेवा पुसली जाते, दुसऱ्या नोकरीची सातच वर्षं मोजली जातात आणि पेन्शन शून्य. उपाय एका कागदाचा आहे: फॉर्म १०-सी भरताना पैसे न मागता योजना प्रमाणपत्र, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, मागायचं.

घरी राहिलेली बाई ‘काही करत नाही’ हेही कायद्यानं बराच काळ खरं मानलं. १९९४पासून मोटार अपघाताच्या भरपाईत न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलं जाई. २००१च्या जनगणनेत गृहिणी भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्या होत्या. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर ताशेरे ओढले. २०२४च्या कालवापर पाहणीत बिनपगारी घरकामाला, ते करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देत होत्या, ते करणारे पुरुष ८८. घरकामातून पैसा करण्याची वाट मुंबईच्या बायकांनी कधीच शोधली होती. गिरणी कामगारांना खानावळीचं जेवण घालणाऱ्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली बांधली. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला.

घरी राहायचं ठरलंच, तर दोन जुने नियम माहीत हवेत. एक करातला: नवऱ्यानं दिलेल्या पैशांची तिनं मुदतठेव केली, तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. हे १९३७पासून चालत आलंय. त्या व्याजाच्या पुन्हा गुंतवणुकीवरचं उत्पन्न मात्र तिचं. दुसरा त्याच १८७४च्या कायद्यातला: कलम ६. विम्यापुरता तो १९२३पासून हिंदूंनाही लागू झाला. नवऱ्यानं बायको-मुलांच्या नावे या कलमाखाली पॉलिसी घेतली की ती त्यांच्यासाठीचा न्यास, म्हणजे ट्रस्ट, ठरते, त्याच्या सावकाराला किंवा बँकेला त्या रकमेवर हात टाकता येत नाही. फक्त हे प्रस्तावाचा अर्ज भरतानाच लिहून द्यावं लागतं. पॉलिसी हातात आल्यावर मागाहून जोडता येत नाही, आणि एजंट बहुधा आपणहून सांगत नाही.